चौऱ्याण्णव पायऱ्या

१२ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, तुमचे दादा ठणठणीत आहेत. म्हणजे खुर्चीत आहेत, आणि तीच माझी तक्रार आहे.

फोनच केला असता, पण फोन यांच्या खुर्चीला चिकटून. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी जगाला लाइन जोडून दिली, आणि आता माझ्याच घरात मला दोन शब्द खाजगी बोलायची सोय नाही. उत्तरही घरी पाठवू नका. घरी आलेलं प्रत्येक पाकीट हे उलटंपालटं करून बघतात. छत्तीस वर्षं पोस्टमन होते, ती खोड जायची नाही. आमच्या इमारतीखालच्या औषधवाल्यांच्या पत्त्यावर पाठवा, मी त्यांना सांगून ठेवलंय.

नोव्हेंबरात यांच्या छातीत दुखलं, आठ दिवस दवाखान्यात काढले, ते तुम्ही बघून गेलात. घरी सोडताना डॉक्टर यांना म्हणाले, "अर्धं काम माझ्या गोळ्या करतील, अर्धं तुमच्या पायांनी करायचं. रोज पाऊण तास चाला. नाही चाललात तर पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचाल याची खात्री मी देत नाही." यांनी शहाण्यासारखी मान डोलवली, घरी आले आणि खिडकीपाशी बसले ते आजतागायत. म्हणतात, रोज पंधरा किलोमीटर चालून छत्तीस वर्षांत माझ्या वाटणीचं चालणं संपलं.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. नवे बूट आणले. वाकायला नको म्हणून बिननाडीचे, पट्टी दाबली की झालं. ते खोक्यातून बाहेर आले नाहीत. मग पावलं मोजणारं घड्याळ आणून मनगटाला बांधलं. संध्याकाळी बघते तर चार हजार पावलं. मी हरखले. दुसऱ्या दिवशी दाराआडून पाहिलं, तर पेपर वाचता वाचता स्वारी नुसता हात झुलवत बसली होती. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तुम्ही एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलीत. आळशातल्या आळशी पोराला मैदानात पळवलंत. तुमच्या दादांना उंबऱ्याबाहेर कसं काढू, तेवढं सांगा. नोव्हेंबरात दवाखान्याच्या बाकावर बसून मी म्हणत होते, हे नुसते खुर्चीत बसलेले दिसले तरी पुरे. आता तेवढं पुरत नाही, वन्सं. मला हे अजून पुष्कळ वर्षं हवे आहेत.

तुमची वहिनी

---

१९ जानेवारी

वहिनी,

वयाने मी मोठी, नात्याने तू. नमस्कार घ्यायचा की आशीर्वाद, ते तूच ठरव.

पीटीचं एक गुपित सांगते, जे मी एकाही हेडमास्तरांना सांगितलं नाही. तब्येतीसाठी कुणी धावत नाही. माणूस चेंडूमागे धावतो. आळशी पोराला मी कधी 'पळ' म्हटलं नाही, 'तेवढा चेंडू आण' म्हणायची. दुसऱ्या दिवशी तोच चेंडू जरा आणखी लांब टाकायची. महिनाभराने पोरगं चेंडू नसतानाही पळायचं आणि त्याला कळायचंसुद्धा नाही.

दादाचा चेंडू म्हणजे पाकीट. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच्याकडे एक पत्र आलं. पत्ता पाण्याने पुसलेला, नुसतं 'शिवणाऱ्या मावशी' एवढं वाचता येत होतं. साहेब म्हणाले, परत पाठवून दे. दादा सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत निघाला आणि शिवणयंत्राचा आवाज येईल त्या प्रत्येक दारात उभा राहिला. सतराव्या घरी मावशी सापडल्या. आई चिडली, सुटी फुकट घालवलीस म्हणाली. तर दादा म्हणाला, "पत्राला पत्ता नव्हता, मावशींना होता ना." त्या दिवसापासून मी माझ्या भावाला मानते. तोंडावर कधी बोलले नाही, तूही बोलू नकोस.

आता बेत ऐक. टेकडीवर माझ्या भूगोलाच्या बाई राहतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या आहेत, डोकं घड्याळासारखं चालतं. त्यांना लिहिलेलं एक पाकीट मी दादाकडे पाठवतेय. त्यावर लाल पेनने मीच लिहिलंय, 'पत्ता अपुरा, परत'. सोबतच्या चिठ्ठीत रडगाणं गायलंय की, हल्लीच्या लोकांना बाईंचं घर सापडत नाही, दोनदा पत्र परत आलं. बघ, त्याला घरात बसवतं का ते. बाईंनाही मी कळवलंय, त्या उत्तर लिहून दादाच्याच हातात देतील. वर जायला चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत, लहानपणी मोजल्यात. तेवढं डॉक्टरांना विचारून घे.

आणि एक. लपून त्याच्या मागे जा. मैदानाला फेरी मारायला सांगितली की पोरं झाडामागे बसून येतात. तुझा नवराही त्याच जातकुळीचा.

मी अजून रोज सकाळी पाच किलोमीटर चालते, हे त्याला सहज म्हणून ऐकव. धाकट्या बहिणीने हरवलेलं त्याला लहानपणापासून खपत नाही.

वन्सं

---

३ फेब्रुवारी

वन्सं,

गेले. आपल्या पायांनी गेले.

तुमचं पाकीट हातात पडलं आणि यांनी ते लाल शेऱ्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "टेकडीवरच्या बाईंचं घर सापडत नाही म्हणे." आवाजात असा राग, जसं काही यांच्याच घराला कुणी बेपत्ता म्हटलं. डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. सावकाश, थांबत थांबत चढायला हरकत नाही म्हणाले.

सकाळी यांनी शर्टाला इस्त्री केली. खोक्यातून बूट काढले. पत्र छातीवरच्या खिशात ठेवलं, वरून हात फिरवून पाहिला आणि निघाले. मी पिशवी घेऊन वीस पावलं मागे. लाँड्रीच्या कोपऱ्यावर जरा थबकले तेव्हा माझा जीव वरखाली झाला, पण मागे न बघता पुढे चालू लागले. बागेच्या बाहेर एक बाक आहे, तिथे पाच मिनिटं बसले. मग पायऱ्या. दर दहा पायऱ्यांवर कठडा धरून उभे राहायचे, खिसा चाचपायचे, पुन्हा चढायचे. अडतिसाव्या पायरीवर चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, आता वळतील. नाही वळले.

वन्सं, चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना कामावर जाताना कधी पाहिलंच नव्हतं. हे निघायचे तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये असायचे. काल पहिल्यांदा कळलं, एका पत्रासाठी हा माणूस कसा चालतो. मला भरून आलं.

मी स्वतः साठाव्या पायरीपर्यंत पोचले आणि तिथेच बसकण मारली. माझा गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी नोव्हेंबरात मलाही काहीबाही ऐकवलंय, पण ते राहू दे. घरात एका वेळी एकच आजारी पुरे.

बाईंचं उत्तर सोबत आहे. पुढचं पत्र लवकर पाठवा.

तुमची वहिनी

---

१० फेब्रुवारी

वहिनी,

एक नाही, चार पाठवतेय. तारखा घातल्यात, एकेक करून दादाच्या हाती लागू दे. बाईंनाही सांगितलंय, तुमच्या जुन्या विद्यार्थिनी त्याच गावात आहेत, त्यांनाही चिठ्ठ्या लिहा. बाईंना लिहायला कुणी नव्हतं आणि दादाला पोचवायला काही नव्हतं. असं फुकट चाललेलं मला बघवत नाही.

अडतिसाव्या पायरीवरून वळला नाही, ते वाचून मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी तुला 'काहीबाही' ऐकवलंय म्हणजे काय? नीट लिही.

वन्सं

---

२० मार्च

वन्सं,

लिहायला उशीर झाला. हल्ली सकाळ अशी जाते की विचारू नका.

हे आता रोज जातात. बाईंनी गावभर चिठ्ठ्यांचा सपाटा लावलाय. एक पाण्याच्या टाकीपलीकडे, एक शाळेमागे, एक थेट कालव्याच्या पुलाशी. रोजचा दीड तास होतो. परवा डॉक्टरांनी यांची छाती तपासली आणि म्हणाले, हे हृदय नोव्हेंबरातलं आहे यावर माझा विश्वास बसत नाही. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

पण पाठ सोडून चालत नाही, हेही खरं. मध्ये एक दिवस मला ताप होता, मी गेले नाही. तर हे निघाले आणि पाचव्या मिनिटाला परत. "बाई घरी नसतील आज," म्हणाले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई चौऱ्याण्णव पायऱ्या उतरून कुठे जाणार? नजर हटली की गाडी बंद. दुसऱ्या दिवसापासून अंगात कसर असली तरी मी मागे.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. रस्ते वाकडे घेतात. सरळ गल्ली सोडून बागेला वळसा घालतात, आणि दर आठवड्याला तो वळसा वाढतो. मध्येच वाकून बुटाची नाडी बांधत बसतात, तीही चांगली दोन-तीन मिनिटं. धाप लागत असेल आणि सांगत नसतील. बाकावर तर रोज थांबतात आणि उठताना रुमालाने बाक पुसून मग पुढे जातात. जुनी शिस्त, दुसरं काय. मला मात्र त्याचा फायदा होतो, मागून येऊन मी त्याच स्वच्छ बाकावर टेकते.

मी आता शेवटच्या पायरीपर्यंत चढते, बरं का. वर पोचले की चोरासारखी बाईंच्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहते.

माझं सोडा, मी बरी आहे.

तुमची वहिनी

---

२८ मार्च

वहिनी,

एकतीस वर्षं शिट्टी मी फुंकली, पण खरी पीटीची बाई तू निघालीस. तापातून उठून माणसामागे चालायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

एक शंका मात्र आहे. जानेवारीतलं तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. बूट तू बिननाडीचे आणले होतेस ना? मग दादा रोज वाकून बांधतो काय?

वन्सं

---

९ एप्रिल

प्रिय शिट्टीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव मला अजून सगळ्यांत योग्य वाटतं.

बाईंची पत्रं मी पोचवतोच आहे. हे मात्र माझं आहे. वाचून झालं की फाडून टाक.

तुझ्या पहिल्या पाकिटावर लाल पेनने 'पत्ता अपुरा' लिहिलेलं होतं. आमच्या पोस्टात परतीचा शेरा शिक्क्याने मारतात. लाल पेनने मास्तरणी वह्या तपासतात. शिवाय 'अपुरा'मधला तुझा 'अ' मी तू पाटीवर गिरवायचीस तेव्हापासून ओळखतो. खालच्या औषधवाल्याकडे तुझ्या अक्षरातली पाकिटं येतात, तेही मला माहीत आहे. आमच्या भागात आता पत्रं वाटणाऱ्या मुलीला मीच काम शिकवलंय. ती माझ्याकडे बघून हसली. आत काय लिहिलंय ते मला माहीत नाही आणि नको. दुसऱ्याचं पाकीट मी आयुष्यात उघडलं नाही.

खुर्चीत बसून होतो, ते आळसाने नव्हे. मी घाबरलो होतो. ज्यांच्या दारात छत्तीस वर्षं उभा राहिलो त्यांच्यासमोर रस्त्यात कोसळलो तर, हेच रोज खिडकीतून दिसायचं. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

आणि दुसरं एक टोचत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचीही साखर तपासली होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्यापेक्षा मला यांची काळजी वाटते. साखर फार आहे, गुडघे आखडलेत. चालल्या नाहीत तर वर्षभरात काठी येईल, मग डोळे." डॉक्टरांनी तिलाही चालायला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी यांचं बघू. ती स्वतःसाठी कधीच घराबाहेर पडणार नव्हती. तिला बाहेर कसं काढायचं, याचा विचार मी दोन महिने त्या खुर्चीत करत होतो आणि काही सुचत नव्हतं.

पहिल्या दिवशी तुझं पत्र खिशात घालून निघालो. तुझा डाव कळला होता, तरी पत्र ते पत्र. लाँड्रीच्या कोपऱ्यावर धीर सुटला, वळून घरी जायचं ठरवलं. तेवढ्यात लाँड्रीच्या काचेत ती दिसली. हातात रिकामी पिशवी, एक पाय ओढत, खांबामागे लपतेय. चाळीस वर्षांत ती मला इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. मी पुढे चालू लागलो.

तेव्हापासून मी तिच्या पायांनी चालतो. तिचा पाय ओढायला लागला की मी नाडी बांधतो. ती दमली की बाकावर बसतो, आणि तिला बसायला मिळावं म्हणून उठतो. दर आठवड्याला एक वळसा वाढवतो. ज्या दिवशी तिला ताप होता त्या दिवशी कोपऱ्यावरून परतलो. मागे कुणीच नव्हतं, मग चालायचं कुणासाठी? फेब्रुवारीत ती साठाव्या पायरीवर बसली होती. आता वर येते आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहते. तिची सावली टाकीच्या बाहेर पडते. बाई मला दारातून खूण करतात आणि आम्ही दोघं तिची धाप शमेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारतो.

तिला कळू देऊ नकोस. आपण नवऱ्याला वाचवतोय या जोरावर ती चढते. तो जोर काढून घेतला तर ती पुन्हा घरात बसेल. आणि ती वाचवतेच आहे, त्यात खोटं काही नाही.

ता. क. रोज पाच किलोमीटर चालतेस म्हणे. तुझ्या प्रत्येक पाकिटावर दुधाने ओल्या अंगठ्याचा डाग असतो. टपालपेटी तुझ्या दारापासून दोनशे पावलांवर आहे, आणि तू पत्रं दूधवाल्याच्या हाती टाकायला देतेस.

दादा

---

१७ एप्रिल

दादा,

पत्र फाडलं नाही. एवढी एक आज्ञा मोडते.

चालणं मी रिटायर झाले त्याच आठवड्यात सोडलं. शिट्टी फुंकायला समोर कुणी नव्हतं. रोज सकाळी बूट घालायची, खुर्चीत बसायची, चहा प्यायची आणि बूट काढायची. जगाला चेंडू टाकून दिले, माझ्यासाठी टाकणारं कुणी उरलं नाही, असं वाटायचं. लाज वाटून पाच किलोमीटर लिहीत गेले.

माझा भाऊ मोठा माणूस आहे, हे लहानपणापासून ठाऊक होतं. किती, ते आता कळलं.

नाडीचं मी वहिनीला विचारून बसलेय, ते मागे घेता येत नाही. बाकी माझ्या तोंडाला कुलूप.

हे पाकीट मागून पुढून नीट बघ. डाग सापडला तर सांग. पेटीत मीच टाकणार आहे. काल तिथवर जाऊन येण्याची तालीम केली, जाताना एकदा आणि येताना दोनदा बसावं लागलं.

शिट्टी

---

२ मे

वन्सं,

उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठवा. औषधवाल्यांना आता त्रास नको.

डॉक्टरांनी नोव्हेंबरात काय ऐकवलं, ते तुम्ही फेब्रुवारीत विचारलं होतंत आणि मी टाळलं. साखर. भलतीच वाढली होती. चाला म्हणाले होते, मी कानाआड केलं. काल पुन्हा तपासली, तर निम्म्यावर आलीय. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, केलंत तरी काय?" मी म्हटलं, काही नाही, नवऱ्यावर नजर ठेवली. ते इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. मला कळेना, यात हसण्यासारखं काय.

आज सकाळी मागून जाताना तुमची ती नाडीची शंका डोक्यात घोळत होती. यांनी बागेपाशी बाक गाठला, बसले, उठले, रुमालाने बाक पुसला आणि निघाले. मी येऊन त्यावर टेकले. आणि वन्सं, तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस बसण्याआधी बाक पुसतो. उठल्यावर कोण पुसतं? उठल्यावर पुसतो तो मागून येणाऱ्यासाठी.

मग एकेक आठवत गेलं. माझा गुडघा धरला की यांची नाडी सुटायची. मला ताप आला त्या दिवशी बाई घरी नव्हत्या. तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या, आणि तीन महिने माझ्या पुढ्यात वीस पावलांवर चाललेलं बोलणं मला ऐकू आलं नाही. मी यांना राखत होते तर हे मला राखत होते. इतका आनंद झाला की रडू आलं. बाक रस्त्यावर आहे, म्हणून पदराने तोंड पुसून उठले.

आज वीस पावलं मागे राहिले नाही. झपझप गेले. पायऱ्यांच्या तोंडाशी हे वाकलेले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "सुटली का नाडी?"

यांनी बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शाळेत पकडलेल्या पोरासारखे हसले. खिशातून बाईंच्या नावचं पत्र काढलं, छत्तीस वर्षांत कुणाच्या हाती दिलं नसेल तसं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आज वर तू नेऊन दे. मी मागून येतो."

पत्र मी छातीशी धरलं आणि चढले. कठड्याला एकदाही हात लावला नाही. तुमची मोजणी बरोबर आहे, चौऱ्याण्णवच आहेत. मध्ये दोनदा मला धाप लागली आणि मी थांबले, मागची पावलंही थांबली. शेवटच्या पायरीवर पोचून वळून पाहिलं, तर हे दहा पायऱ्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

तुमची वहिनी